साडेबारा वर्षांची कमान

लुटकरवेन या डच खेड्यातल्या त्या गल्लीत संध्याकाळी दिवे लागले तरी पडदे कुणी ओढत नसे. पडदे होते. धुतलेले, इस्त्री केलेले, खिडकीच्या दोन्ही बाजूंना चुण्या पाडून बांधून ठेवलेले. पण ते ओढायचे म्हणजे आपल्या घरात झाकण्यासारखं काहीतरी आहे, अशी आपणच दवंडी पिटायची. येणाऱ्याजाणाऱ्याने आत बघावं, आतल्याने मान हलवावी आणि दोघांनीही काही पाहिलंच नाही असा चेहरा करावा, ही तिथली रीत. पडदे ओढायचे ते एकाच दिवशी, गल्लीतलं कुणी देवाघरी गेलं की. मग मात्र सगळ्यांनी ओढायचे, आणि फटीतून डोकवायचं नाही.

योरिट लेफरिंकने मात्र आपल्या खिडक्यांना दुधी काचा बसवल्या, त्यावर जाड राखी पडदे सोडले आणि अंगणापुढे पुरुषभर उंचीचं कुंपण वाढवलं. वर टीव्हीवर जाऊन सांगितलं, "मी देशाला माझे पाय दिले. माझं घर दिलेलं नाही."

वाक्य झकास होतं. गल्लीतल्या लोकांनी दोन दिवस ते एकमेकांना म्हणून दाखवलं. त्याची पहिली शेजारीण, म्हणजे अगदी लगतच्या घरातली डिका वोल्टरिंक, हिने मात्र टीव्हीपुढे बसल्या बसल्या नाक मुरडलं. "दहा हजार मीटर बर्फावर, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, सगळ्या जगाकडे ढुंगण करून धावलास तेव्हा नाही रे लाजलास," ती पडद्यावरच्या योरिटला म्हणाली, आणि वाटाणे निवडू लागली.

कारण त्याने न दिलेलं ते घर देशातल्या प्रत्येक दुकानाच्या फ्रीजमध्ये विकायला ठेवलेलं होतं. स्केटिंगचं सुवर्णपदक मिळाल्यापासून योरिट धुरावलेल्या सॉसेजचा चेहरा झाला होता. पाकिटावर तो, त्याची बायको मार्लूस आणि पुढचा दात पडलेली त्यांची मुलगी येटे, असे तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलेले. मध्ये भांडं, भांड्यातून वाफ, मागे भिंतीला निळ्या फरशा. "लेफरिंकांकडे जेवायला या," असं वर लिहिलेलं.

त्यातली गंमत अशी की ते स्वयंपाकघर लेफरिंकांचं नव्हतंच. त्यांचं स्वतःचं सगळं स्टीलचं आणि काळ्या दगडाचं. कंपनीची माणसं ते बघायला आली आणि म्हणाली, इथे सॉसेज नाही, अपेंडिक्स कापावंसं वाटतं. मग कॅमेरे कुंपणावरून डिकाकडे आले. निळ्या फरशा डिकाच्या, पोचा पडलेलं एनॅमलचं भांडं डिकाचं, आणि योरिट ज्या खुर्चीत मांड्या पसरून बसे ती डिकाच्या गेलेल्या नवऱ्याची, हेर्मानची. आपलं भांडं टीव्हीवर आलं याचं डिकाला सुख झालं नाही असं नाही. तेव्हापासून ती ते जरा जास्तच घासत असे. पण दर हिवाळ्यात सायकलवरून हिंडणारे परके लोक त्या उंच कुंपणापाशी थांबून निळ्या फरशा शोधत. त्या त्यांच्या पाठीमागे, शेजारच्या उघड्या खिडकीत होत्या, आणि तिथे कुणी ढुंकूनही बघत नसे.

मग उन्हाळ्यात एका मासिकात फोटो आला. बेटावर जाणाऱ्या बोटीवर योरिट, आणि त्याच्या गळ्यात टीव्हीवर हवामान सांगणारी बाई. योरिटने लगेच निवेदन काढलं, खासगी आयुष्याचा मान राखा, निदान माझ्या मुलीचा तरी विचार करा. ज्या मुलीचा विचार करायचा तिचं तोंड त्या आठवड्यात वाटाण्याच्या सूपच्या नव्या डब्यावरही छापून आलं.

त्या मुलीचा विचार कुणी करत असेल तर ती स्वतः. शाळा सुटली की येटे आपला ससा घेऊन डिकाकडे येऊन बसायची. एकदा सशाचे कान कुरवाळत म्हणाली, "डिकामावशी, वर्गात मला सॉसेज म्हणतात. माझा डबा उघडून आधी वास घेतात. मला नाही यायचं परत त्या जाहिरातीत."

"मग सांग बाबाला."

"सांगितलं. म्हणतो, फक्त यंदाचं एक."

"बरं आहे की मग."

"गेल्या वर्षीही यंदाचंच होतं."

दहा वर्षांच्या पोरीला जे कळत होतं ते बापाला कळत नव्हतं असं थोडंच होतं. सोयीचं नव्हतं, एवढंच.

ऑगस्टमध्ये मार्लूस येटेला घेऊन देव्हेंटरला माहेरी गेली. आई आजारी आहे, असं योरिट कुंपणापलीकडून म्हणाला. डिकाने मान हलवली. पण गाडीत सशाचा पिंजरा चढवताना तिने पाहिला होता. आजारी आईच्या उशाशी बसायला जाताना कुणी ससा नेत नाही.

तिला माहीत होतं, पण सांगितलं गेलं नव्हतं. त्या गावात या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक. घरात जन्म झाला, मरण आलं, काही मोडलं, तर घरच्यांनी ते आधी पहिल्या शेजारणीला सांगायचं, आणि तिने दारोदार कळवायचं. घरातून शब्द आला नाही तोवर काही घडलेलंच नाही. मग मासिकं काहीही छापोत. आणि काही घडलेलंच नसेल, तर नोव्हेंबरात लेफरिंकांच्या लग्नाला साडेबारा वर्षं होत होती, आणि साडेबारा वर्षं, म्हणजे पंचविशीचा निम्मा टप्पा, झाली की शेजाऱ्यांनी दाराला पाइनच्या फांद्यांची, कागदी गुलाबांची कमान बांधायची. तेही ठरलेलंच.

म्हणून गल्ली डिकाच्या कोठारात बसून गुलाब वळत होती.

"बाई घरात नाही आणि कमान कुणाला?" ट्रुस काम्पहाउस म्हणाली. "त्या राखी पडद्यांना?"

"नाही असं कोण म्हणतं?" तिचा नवरा बेनी म्हणाला. बेनी आधी ट्रक चालवायचा. आता योरिटच्या चाहतामंडळाचा अध्यक्ष होता, आणि नारिंगी टोपी झोपतानाच काय ती काढत असे. "आपल्याला कुणी सांगितलंय? नाही. म्हणजे ती घरात आहे."

"मासिकात आलंय, बेनी."

"मासिक काय आपला शेजारी आहे?"

"मग तूच का पहिल्यांदा विकत आणलंस?"

लोक हसले. बेनीने गुलाब खाली ठेवला. "हे बघा, मी त्याच्यासाठी नॉर्वेपर्यंत बस हाकलीय. थंडीने माझ्या कानाची पाळी गेली, हा बघा. त्याचं सॉसेज खाऊन खाऊन माझं रक्त घट्ट झालंय. डॉक्टर म्हणाला बंद कर. मी म्हटलं, डॉक्टर, शेजारधर्म आहे. एवढं केल्यावर त्याची बायको कुठे झोपते ते मला कळायला नको?"

"ट्रुस कुठे झोपते ते माहितीये का तुला?" डिका म्हणाली. "तू तर टीव्हीपुढे घोरतोस."

पुन्हा हशा झाला. डिका मात्र हसली नाही. तिच्या लेखी दोघंही एकाच मापाचे होते. एकाला वाटत होतं, सॉसेज घेतलं म्हणजे सोबत पलंगही आला. दुसऱ्याने पलंगासकट सगळं पाकिटात घालून विकलं होतं, आणि आता म्हणत होता की आत नुसतं सॉसेजच होतं.

तेवढ्यात दार ढकलून योरिटच आत आला. अजून मांड्या तशाच झाडाच्या बुंध्यासारख्या, फक्त वर पोट सुटू लागलेलं. बरोबर ॲमस्टरडॅमहून आलेला कंपनीचा कास्पर, पायात पांढरेशुभ्र बूट घालून, कोठारातल्या शेणाचा अंदाज घेत पावलं टाकणारा.

"मावशी!" योरिट म्हणाला.

काम असलं की तो डिकाला मावशी म्हणे. एरवी गाडीतून नुसतं एक बोट वर.

"कमान करताय ना? मस्त. कास्परला ती हवीय. या हिवाळ्याची जाहिरात त्यावरच करायची. शनिवारी मार्लूस आणि येटे येतायत. सासूबाईंना बरं आहे आता."

"आम्हाला अगदी खरंखुरं हवंय," कास्पर म्हणाला. "खरे शेजारी, हाताने केलेले गुलाब, दारात कुटुंब. मग सगळे मिळून योरिटच्या स्वयंपाकघरात जातात. म्हणजे तुमच्या."

"खरंखुरं म्हणजे नक्की कुणाचं?" डिकाने विचारलं.

कास्पर हसला. प्रश्न होता हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"योरिट," डिका म्हणाली, "पहिल्या शेजारणीला काही सांगायचं राहिलंय का तुझं?"

कोठारातले सगळे हात थांबले. कागदाची कुरकुरसुद्धा बंद झाली. योरिटच्या मानेवर लाली चढली.

"ते खासगी आहे, मावशी."

"आणि कमान?"

"कमान ही आपली परंपरा आहे."

"बरं. येटेला विचारलंस?"

"लहान आहे ती. आधी कुरकुर करते, एकदा उभी राहिली की छान हसते."

"ओठ वर उचलला की घोडाही दात दाखवतो."

"मुलगी लागतेच हो," कास्पर मध्येच म्हणाला, "तिच्याशिवाय कुटुंब वाटत नाही. एकटा पुरुष आणि सॉसेज म्हटलं की लोक भलतेच विनोद करतात. पुढचा करार सगळा त्यावरच आहे."

ट्रुसने तोंडाशी कागदी गुलाब धरून हसू दाबलं. योरिटने डिकाच्या खांद्यावर थोपटलं, दरवर्षीसारखं स्वयंपाकघर मिळेल ना असं विचारल्यासारखं केलं आणि उत्तर न ऐकताच निघून गेला. घराचं दार लोटल्याचा आवाज आला, मग राखी पडदे ओढल्याचा.

"बघ, येतेय ती," बेनी विजयी मुद्रेने म्हणाला. "आणा पलीकडचा कागद."

कमान खरं तर आदल्या संध्याकाळी, अंधारात, जेनेव्हरचे पेले रिचवत बांधायची. पण कास्परला उजेड हवा होता. म्हणून शनिवारी सकाळी, धड शुद्धीवर, गल्ली योरिटच्या दारापुढे जमली. कास्पर बेनीला टोपी काढायला लावत होता, मग पुन्हा घालायला लावत होता. "काढलीत तेव्हा जास्त खरे वाटला होतात," तो म्हणाला, आणि बेनी कृतकृत्य झाला. चार जणांनी कमान दारासमोर उचलून धरली. पहिला खिळा पहिल्या शेजारणीने ठोकायचा, म्हणून हातोडी डिकाच्या पायरीवर आणून ठेवली होती.

डिका स्वयंपाकघरात होती. टेबलाशी मार्लूस, तोंडाला जाहिरातीचा रंग लावून, हेर्मानच्या खुर्चीत अगदी कडेला बसलेली. येटे भिंतीशी उभी. पाकिटावरचाच लाल स्वेटर तिला पुन्हा घालायला दिला होता, लोकांना ओळख पटावी म्हणून. बाह्या कोपराच्या जराशा खाली येऊन संपत होत्या. ससा तिने पोटाशी इतका घट्ट धरला होता की त्याचे मागचे पाय लोंबत होते.

"डिकामावशी," ती म्हणाली, "तुझ्या घरात खिडकी नसलेली जागा आहे?"

डिकाने आठवून पाहिलं. "नाही गं."

"संडास?"

"त्यालाही आहे. छोटी."

येटेने मान हलवली, जणू तिला हेच उत्तर येणार हे ठाऊक होतं. मार्लूसने नजर टेबलावर खिळवली.

"ऐकलंस ना तिने काय विचारलं?" डिका म्हणाली.

"ऐकलं."

"मग बसलीस काय अशी पेंढा भरून ठेवल्यासारखी?"

"सही झालीय माझी, डिका. आजचं एवढं उरकू दे, घराचंही नीट मिटवून टाकतो म्हणतो तो. शेवटचंच आहे."

"फक्त यंदाचं," येटे म्हणाली.

मार्लूसच्या रंगाखालचा चेहरा आक्रसला. डिकाला तिची कीव येत होती, पण कीव आली की डिकाचा आवाज चढायचा. "घराचं वकील बघतील. माझं काम वेगळं आहे. तुमच्यात काही झालं असेल तर ते मला सांगायचं असतं. तुम्ही तोंडं शिवून बसलात, म्हणून ती येडी बाहेर कमान धरून उभी आहेत. कळलेलं त्यांना सगळं आहे. सांगितलेलं नाही, म्हणून त्यांना ती धरावीच लागते. तो ज्याला खासगी म्हणतो ना, त्याच्यावरच ही जाहिरात उभी आहे. आणि त्याखाली ही पोर."

काचेवर टकटक झाली. बाहेरून कास्परने दोन बोटं दाखवली, दोन मिनिटं. मग त्याने येटेकडे बघून स्वतःच्या तोंडाचे कोपरे बोटांनी वर ओढून दाखवले. येटेने ससा वर उचलून त्याच्यामागे तोंड लपवलं.

मार्लूस ते बघत राहिली. मग टेबलावरचा फडका तिने उचलला आणि ओठांवरचा रंग पुसला.

"संपलंय, डिका," ती म्हणाली. "ऑगस्टमध्येच. खरं तर त्याच्या कितीतरी आधी. येटे आणि मी परत येणार नाही. ती जाहिरातीतही उभी राहणार नाही. सांग तू."

डिकाने हात पुढे केला आणि मार्लूसचा हात हातात घेतला, दुखवट्याला घेतात तसा. "बरं. कळवते."

तिने ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला, आणि कपाटातून काळा कोट काढला. हेर्मान गेला तेव्हाचा. वरचं बटण आता लागत नव्हतं. ते तसंच उघडं ठेवून ती बाहेर पडली.

हातोडी न घेता, काळ्या कोटात तिला येताना पाहून लोक आधी गोंधळले. आत कुणी गेलं की काय? डिका सरळ बेनीपुढे जाऊन उभी राहिली आणि त्याचा हात हातात घेतला. गल्लीच्या टोकाचं घर त्याचं, सुरुवात तिथून करायची असते.

"पहिली शेजारीण म्हणून कळवते," ती म्हणाली. आवाज मोठा नाही, पण शब्द न् शब्द सुटा. "लेफरिंकांचं लग्न गेलं. घरातून सांगितलंय."

बेनीने टोपी काढली. या वेळी त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ती पुढच्याकडे गेली. तोच हात, तेच शब्द. मग त्याच्या पुढच्याकडे. कास्पर कॅमेरावाल्याच्या कानात कुजबुजला, "चालूच ठेव." योरिट दारात उभा होता, निळा सदरा, हातात सॉसेजची थाळी. त्याला कळायला थोडा वेळ लागला.

"हे काय चाललंय?" तो ओरडला. "मावशी! हे खासगी आहे!"

"आत्तापर्यंत नव्हतं," डिका त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आता होईल."

आणि तसंच झालं. सांगितलं गेल्यावर कुणालाच काही विचारायचं उरलं नाही. त्यांनी कमान कुंपणाला टेकवून ठेवली, गुलाब चिरडणार नाहीत अशी, आणि जो तो आपापल्या घरी गेला. थोड्याच वेळात पडदे ओढले जाऊ लागले. ट्रुसच्या पडद्याची कडी गंजली होती, ती आतून कुणावर तरी खेकसली तेव्हा कुठे तो सरकला. एकेक करत अख्खी गल्ली मिटली. भर सकाळी, उन्हात.

कास्परने आजूबाजूला बघितलं. "हरकत नाही," तो म्हणाला, पण बूट मागे मागे सरकत होते. "बाप आणि लेक, मागे कमान. तेवढ्यावरही निभेल. मुलगी कुठाय?"

डिका तोवर घरात पोचली होती. तिने दाराला कडी घातली, खिडकीशी गेली आणि निळ्या फरशांसमोरचा पडदा ओढला. खोलीतला उजेड मंदावला. येटेने लाल स्वेटर डोक्यावरून काढला आणि खुर्चीवर टाकला. ससा खाली उतरून टेबलाखाली जाऊन बसला.

काचेवर थाप पडली. "मावशी, उघडा. येटे, बाळा, एकच मिनिट. फक्त यंदाचं."

येटेने आईकडे बघितलं.

"नाही, योरिट," मार्लूस पडद्याकडे तोंड करून म्हणाली. पलीकडे पोचेल इतक्या मोठ्याने.

बाहेर कास्परचं फोनवर बोलणं ऐकू आलं. नाही, मुलगी नाही. नाही, शेजारीही नाहीत. हो, एकटाच आहे. मग गाडीची दारं धडाधड लागली, आणि इंजिनाचा आवाज वळणापाशी विरला.

पुन्हा काच वाजली. या वेळी हळू.

"मावशी, उघडा ना. थाळी हातात घेऊन उभा आहे मी. कसं दिसतं हे? सगळी गल्ली बघतेय."

"कुणी बघत नाहीये," डिका आतून म्हणाली. "मागे वळून बघ."

बाहेर बराच वेळ काही हललं नाही.

"गेला का?" येटेने हळूच विचारलं, आणि पडद्याच्या कडेला हात घातला.

डिकाने तो हात धरून खाली आणला. "बघायचं नसतं. कान दे."

मग खडीवर पावलं वाजली. जड, सावकाश, मध्येच थांबणारी, बहुधा खिडक्यांपुढे. एखादी तरी उघडी असेल, या आशेने. दूर एक दार लागलं.

डिकाने ते पोचा पडलेलं भांडं शेगडीवर चढवलं, त्यात वाटाणे ओतले आणि येटेच्या हातात गाजर आणि सुरी दिली. टोकाला बेनीच्या पडद्याला बोटभर फट पडली असणार, हे तिला न बघताही ठाऊक होतं. उद्या त्याला गाठून त्या फटीचा जाब विचारायचा, असं ठरवून तिने कांदा चिरायला घेतला.